निळ्या शाईतला हात

१

दुपारचं जेवण आटोपलं की लोरीन किटलसन गॅरेजमध्ये जायची, हीटर लावायची आणि दार ओढून घ्यायची. नवरा गेल्यावर बायका विणकाम हाती घेतात, चर्चच्या स्वयंपाकघरात राबतात, नाहीतर मुलीकडे जाऊन नातवंडं सांभाळतात. लोरीनने पिस्तूल बनवायला घेतलं होतं. मोंटानातल्या त्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. तिथल्या निम्म्या गॅरेजांत मोटारीपेक्षा बंदुकांनाच जास्त जागा असते. शिवाय लोरीनचा हात बारीक कामात बसलेला होता. उभी हयात तिने लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या. दात कुठे जास्त टेकतो ते कळायला निळा कागद चावायला देतात, त्या निळ्या ठिपक्यांवर तिचं घर चाललं होतं.

पिस्तुलाचंही तसंच असतं. दोन भाग एकमेकांत नीट बसतात का हे बघायचं तर एकाला निळी शाई फासायची, दुसरा त्यावरून सरकवायचा आणि जिथली शाई पुसली जाईल तिथे कानस हलकेच फिरवायची. पुन्हा शाई, पुन्हा कानस. ज्याला घाई आहे त्याने दुकानातून तयार पिस्तूल आणावं.

हे पिस्तूल तिचं स्वतःचं होणार होतं. घरात होती ती सगळी नवऱ्याच्या, वेंडेलच्या, पंजाला बेतलेली. ती धरताना लोरीनचं बोट चापापर्यंत जेमतेम पोचायचं. म्हणून या खेपेला मूठ बारीक, चाप जवळ, वजन बेताचं. सुटे भाग ट्रेमध्ये मांडून ती तासन्‌तास बेत करत बसायची. कुठला भाग आधी बसवायचा, मूठ अक्रोडाच्या लाकडाची करायची की मेपलच्या. अक्रोडाचं ठरलं.

ज्या टेबलावर हा पसारा होता त्याच टेबलापाशी गेल्या वसंतात वेंडेल मेला होता. जमिनीवरचा डाग तिने स्वतः घासून काढला होता.

२

त्या गावात पिस्तूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना एक रीत पाळतात. देणारा वरची स्लाइड मागे ओढून अडकवतो, गोळीचं घर रिकामं असल्याचं दाखवतो आणि ‘रिकामं’ म्हणतो. घेणारा तरीही स्वतः डोकावतो. करंगळी आत घालून चाचपतो. यात कुणी कुणाचा अपमान धरत नाही. सख्ख्या भावाच्या हातून घेतलं तरी माणूस बघतोच.

फक्त ड्वेन स्टॉडर्डच्या बाबतीत लोक बघत नसत. ड्वेन गावातल्या नेमबाजी क्लबाचा सुरक्षा अधिकारी. नव्या पोरांना ही रीत शिकवायचा तोच. त्याने ‘रिकामं’ म्हटलं की पुढे बघायचं ते काय? वेंडेलची आणि त्याची तर शाळेपासूनची मैत्री.

ड्वेन त्या दिवशी आपलं पिस्तूल घेऊन आला होता. चाप जड जातोय, जरा बघ म्हणाला. लोरीन स्वयंपाकघरात होती. आवाज झाला आणि ती धावत आली, तेव्हा वेंडेल खाली पडला होता आणि पिस्तूल त्याच्या हातात होतं.

“मी रिकामं दिलं होतं,” ड्वेनने सगळ्यांना सांगितलं. “दोनदा बघून दिलं. यानेच तपासायला म्हणून गोळी भरली असणार आणि विसरला असणार. वय झालं होतं बिचाऱ्याचं.”

पिस्तूल वेंडेलच्या उजव्या हातात होतं. वेंडेल डावखुरा होता. लोरीनने हे शेरीफच्या माणसाला सांगितलं, तेव्हा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अशा वेळी माणसाला काहीबाही आठवतं म्हणाला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश खाता खाता तिच्या मागेच कुणीतरी म्हणालं, “काही म्हणा, वेंडेलने स्वतः बघायला हवं होतं.” लोरीनच्या हातातली प्लेट तेव्हा हलली नाही. पण ते वाक्य तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. नवरा गेला तो गेला, शिवाय जाताना वेंधळा ठरून गेला, आणि ज्याने ठरवलं तो अजून दर शनिवारी पोरांना सुरक्षितता शिकवत होता. तिला ड्वेनच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती: पिस्तूल कुणाच्या हातात होतं ती. त्यानंतर तो मेला असता तरी तिला चाललं असतं. आधी मेला असता तर मात्र नाही.

३

पहिल्यांदा तिला ते कानशीच्या रेघांत दिसलं.

उजव्या हाताने कानस चालवली की रेघा एका बाजूला कलतात, डाव्या हाताने चालवली की दुसऱ्या. लोरीन उजव्या हाताची. स्लाइडच्या खालच्या कडेला काल तिने जे काम सोडलं होतं त्याच्या पुढे बोटभर काम झालेलं होतं, आणि त्या बोटभर भागातल्या रेघा उलट्या कलत्या होत्या. सुरेख, एकसारख्या. तिला स्वतःला इतक्या सुरेख जमत नसत.

तिने चष्मा पुसला. मग दिवा जवळ ओढला. पूर्वी कधीतरी वेंडेलनेच या भागावर हात फिरवून ठेवला असेल आणि आपल्या आज लक्षात आलं, अशी तिने समजूत घातली. समजूत पटली नाही, कारण तो भाग तिने स्वतः उन्हाळ्यात मागवला होता. पाकीट तिनेच फोडलं होतं.

मुलीचा, क्रिस्टाचा, रोजच्यासारखा बिलिंग्जहून फोन आला.

“आई, गॅरेजमध्येच ना तू?”

“दुसरीकडे कुठे असणार?”

“जेवलीस का? की नुसती कॉफी?”

“क्रिस्टा, माणूस आपण केलेलं काम विसरू शकतो का गं?”

“झोप लागते का तुला नीट?”

“लागते गं बाई. नुसतं विचारलं.”

“त्या टेबलापाशी का बसतेस तू, मला खरंच कळत नाही. विकून टाक ना सगळं ते.”

“विकते,” लोरीन म्हणाली आणि फोन ठेवला. रिकाम्या खोलीत हीटर घुरघुरत होता. त्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज असल्यासारखा वाटत होता, बारीक, एका लयीतला. हीटर बंद करून तिने कान दिला. काही नव्हतं. हीटर पुन्हा लावला तेव्हा तो आवाज पुन्हा होता.

४

मग मूठ. तिने अक्रोडाच्या दोन्ही पट्ट्या आपल्या पंजाला बेताच्या होतील इतक्या बारीक केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या हातात घेतल्या तर भरल्या भरल्या लागल्या. लाकूड झिजवता येतं, वाढवता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिने पट्ट्या खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. लाकूड तेच, त्यातली गाठ तीच. आणि तिचं बोट चापापर्यंत पोचत नव्हतं.

गॅरेजचं कुलूप तिने बदलून घेतलं. आपल्या कानशी गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकल्या आणि गाडीची किल्ली उशीखाली घेऊन निजली. आपण स्वतःच झोपेत उठून हे उद्योग करतोय अशी तिला शंका होती, आणि खरं सांगायचं तर तसंच निघावं अशी आशाही होती. वेड लागलं असेल तर त्यावर निदान डॉक्टर तरी आहेत.

निजण्याआधी तिने मुठीला सगळीकडून निळी शाई फासली होती. कोण धरतं ते तरी कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दार उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. मुठीवरची शाई पंजाच्या आकारात पुसली गेली होती. मोठा पंजा, उजवा, चांगला दाबून धरलेला. तिने एकेक बोट मोजलं, मग स्टूल ओढून बसली आणि पुन्हा मोजलं. करंगळीशेजारचं बोट अर्धंच उमटलं होतं. दुसऱ्या पेरापाशी ते संपत होतं.

ते बोट तिला ठाऊक होतं. ड्वेन स्टॉडर्डने तरुणपणी गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात ते घालवलं होतं. ‘साडेचार बोटांचा नेमबाज’ म्हणून क्लबात तो स्वतःच त्यावर विनोद करायचा.

ड्वेन इथे आला होता? तिचं रक्त आधी तापलं ते या विचाराने. तिने क्लबात फोन केला. कळलं की ड्वेन आठवडाभर भावाबरोबर हरणाच्या शिकारीला डोंगरात गेलाय, उद्या परततोय.

लोरीन पुन्हा टेबलापाशी आली. खिडकीतून ऊन ट्रेवर आलं होतं. मुठीच्या कडेला ताजा भुसा होता. फुंकर मारली तेव्हा खालच्या रेघा दिसल्या. डाव्या हाताच्या.

आता मात्र तिला नीट समजलं. ड्वेन इथे आलाच नव्हता. दुसरंच कुणीतरी हे पिस्तूल ड्वेनच्या हाताला बेतत होतं.

५

भीती वाटली नाही असं कोण म्हणेल? तिचे दात वाजत होते. पण भीतीच्या खालून जे वर आलं ते तिला जास्त ओळखीचं होतं.

“वेंडेल,” ती रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली, “त्याच्यासाठी करतोयस होय हे?”

हीटर घुरघुरत राहिला.

“मग माझ्या मापाचं कशाला करत बसलेय मी इथे? आधी सांगितलं असतंस तर लाकूड तरी जाड आणलं असतं.”

हसूच आलं तिला, आणि हसता हसता ती रडली. किती महिन्यांनी. त्या दिवसापासून दोघांनी मिळून काम केलं असंच म्हणावं लागेल. ती दुपारी करायची, संध्याकाळी शाई फासून, कानस त्याच्या बाजूला ठेवून निघायची. दुसऱ्या दिवशी पुढचं झालेलं असायचं. संसारात दोघांचं इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं. वेंडेल तिच्या कामात फार नाक खुपसायचा. आता तो बोलत नव्हता, एवढाच फरक.

रात्री अंथरुणात मात्र तिला घाम फुटायचा. त्या रेघांतला जोर वाढत चालला होता. शेवटी शेवटी तर पोलादात अशा खोल खाचा दिसायच्या की त्यांना काम म्हणवेना. वेंडेल रागीट माणूस नव्हता. मेल्यावर माणूस बदलतो का, आणि बदलला तर किती, हे तिला कुणाला विचारता येण्यासारखं नव्हतं.

स्लाइडमधली ठोकणारी पिन तेवढी बसवायची राहिली. ती नसली तर पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. लोरीनने ती मुद्दामच मागवली नव्हती. घरात एकही गोळी नव्हती. तिला खून नको होता, कबुली हवी होती, असं ती स्वतःला वारंवार सांगत होती.

मग तिने ड्वेनला फोन लावला.

“वेंडेलने सुरू केलेलं एक पिस्तूल आहे,” ती म्हणाली. “नुसती पिन बसवायची राहिलीय. मला म्हातारीला काय करायचंय? तू बघून जा.”

“मी कधीचा म्हणतोय, त्याचं काही विकायचं असेल तर आधी मला विचार,” ड्वेन म्हणाला. “उद्या येतो. कॉफी ठेव.”

६

आला तो शिकारीच्या गप्पा हाकतच आला. केशरी टोपी, नवं जाकीट, तोंडभर हसू.

“काय लोरीन, बारीक झालीस! खातेस की नाही? सांगितलं असतंस तर हरणाचं सॉसेज आणलं असतं.”

“बस. कॉफी घे.”

“वा, गॅरेज काय चकाचक ठेवलंयस. वेंडेलच्या वेळी इथे पाय ठेवायला जागा नसायची.” ज्या जागेवर वेंडेल पडला होता तिथेच तो उभा होता. लोरीनने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि कॉफीचा कप त्याच्या हातात दिला.

पिस्तूल कापडाखाली होतं. तिने कापड काढलं, स्लाइड मागे ओढून अडकवली, रीतीप्रमाणे त्याच्यासमोर धरली.

“रिकामं,” ती म्हणाली.

ड्वेनने उजव्या हातात मूठ घेतली आणि एकेक करून बोटं आवळली. अर्ध्या बोटापाशी लाकूड बरोबर तेवढंच उंचावलं होतं. “अरे देवा,” तो हळूच म्हणाला. “हे तर... हे त्याने माझ्यासाठी केलं होतं?”

“तसंच दिसतंय.”

“बघ, म्हणजे त्याच्या मनात माझ्याबद्दल...” त्याचे डोळे खरोखरच पाणावले. त्या क्षणी लोरीनला त्याची इतकी किळस आली की तिने टेबलाची कड धरली.

“आत बघितलं नाहीस,” ती म्हणाली. “पोरांना शिकवतोस ना?”

“पिन नाही त्यात, गोळी नाही. काय बघायचं?”

“तरी बघ.”

हसत त्याने डाव्या हाताची करंगळी गोळीच्या घरात घातली. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, फक्त रंग उतरत गेला.

“लोरीन. आत काहीतरी आहे.”

“काय आहे?”

“मऊ आहे. गरम.” त्याने बोट ओढलं. निघालं नाही. “आई गं... याने धरलंय. बोट धरलंय माझं!”

हीटर बंद होता. तरी कानस चालावी तसा तो बारीक, लयीतला आवाज खोलीत होता, आणि आता तो पिस्तुलातून येत होता. ड्वेनच्या उजव्या मनगटावर एक निळा ठिपका उमटला. मग दुसरा. कातडी आत दबत होती आणि दबेल तिथे निळी होत होती. चार बोटं एका बाजूने, अंगठा दुसऱ्या बाजूने. डावा पंजा. पिस्तुलाचं तोंड इंचाइंचाने त्याच्या छातीकडे वळू लागलं.

“सोडायला सांग! लोरीन, अगं बाई, सांग ना त्याला!”

“तू सांग,” लोरीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “कुणाच्या हातात होतं ते सांग.”

“माझ्या! माझ्या हातात होतं!” ड्वेन गुडघ्यांवर आला. “चाप कसा जड जातो ते दाखवत होतो. तो वाकून बघत होता. मी आत बघितलंच नव्हतं गं. मग घाबरलो. त्याच्या हातात ठेवलं. मला वाटलं, तो तर गेलाच आहे, त्याला आता काय फरक पडतो...”

“मोठ्याने.”

“मी मारलं त्याला! चुकून, पण मीच मारलं!”

लोरीनच्या छातीवरून काहीतरी उठलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान होतं. तिच्यासमोर एक म्हातारा माणूस गुडघ्यांवर बसून पोरासारखा रडत होता, आणि तिला त्याची दया आली. याचा तिला रागही आला, पण दया आली हे खरं.

“पुरे, वेंडेल,” ती म्हणाली. “बोलला तो. सोड त्याला.”

बराच वेळ काही झालं नाही. मग करंगळी निघाली. नखाभोवती निळं होतं.

७

ड्वेन स्टुलावर बसून राहिला. थंड झालेली कॉफी त्याने एका दमात संपवली. मनगट चोळलं, शाई नुसती पसरली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्याच्याबरोबर ड्वेनही परत आला.

“बोट अडकलं होतं,” तो म्हणाला. “आत धार राहिलीय, घासायला हवी.”

“उद्या क्लबात सांगशील ना सगळ्यांना?” लोरीनने विचारलं.

“काय सांगू?”

“आता सांगितलंस ते.”

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून चक्‌ आवाज केला, आजारी माणसाकडे बघून करतात तसा. “लोरीन, माझं बोट तुटायला आलं होतं. तेव्हा तू म्हणाली असतीस तर चंद्रावर मी गेलो होतो असंही म्हटलं असतं. आपण दोघंच होतो इथे. वेंडेलने स्वतः बघायला हवं होतं, हे सगळं गाव जाणतं. आता उकरून काय मिळणार तुला?”

लोरीनने टेबलावरचं कापड उचलून त्याची घडी घातली.

“हे मी नेतो,” तो उठत म्हणाला. पिस्तूल अजून त्याच्या उजव्या हातातच होतं. त्याने ते खाली ठेवलंच नव्हतं. “माझ्यासाठीच केलंय म्हणतेस ना? पिन आहे माझ्याकडे. घरी बसवतो. गोळ्या तर घरी ढिगाने पडल्यात.”

आता सांगता आलं असतं. हे नेऊ नको, ड्वेन, एवढंच म्हणायचं होतं. तिने गॅरेजचं दार वर केलं आणि त्याला वाट दिली.

त्याचा पिकअप अंगणात उभा होता. उन्हं छान पडली होती म्हणून त्याने दोन्ही काचा खाली केल्या. तो एकाच हाताने चालवायला बसला. दुसऱ्या हातातलं पिस्तूल मांडीवर होतं. गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग टिंग असा आवाज सुरू झाला, शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही की वाजतो तो.

“च्यायला, कुणी नाहीये तिथे!” ड्वेनने रिकाम्या सीटवर एक थाप मारली. टिंग टिंग चालूच.

मग पट्टा हळूच खाली ओढला गेला. ड्वेन मागे बघत गाडी फिरवत होता, त्याला दिसलं नाही. पट्टा हवेत फुगून, कुणाच्या तरी पोटावरून आल्यासारखा, खालपर्यंत आला आणि खट्‌ करून बसला. आवाज थांबला.

“हं, आता कसं,” ड्वेन म्हणाला आणि तिला हात केला.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत लोरीन दारात उभी होती. काचा उघड्याच होत्या. हाक मारली असती तर त्याला सहज ऐकू गेली असती. तिने मारली नाही.